टीबीच्या फाइलमध्ये दडलेला कर्करोग

विदर्भात एखाद्याचा खोकला तीन आठवडे हटला नाही, वजन उतरू लागलं, संध्याकाळी कणकण यायला लागली आणि एक्स-रेवर डाग दिसला, की डॉक्टरच्या, रुग्णाच्या आणि शेजारच्या काकांच्याही तोंडी एकच नाव येतं: टीबी. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि दीर्घ खोकल्यात आधी टीबी शोधायचा ही आपल्या वैद्यकाची जुनी, योग्य शिकवण आहे. अडचण येते ती पुढच्या टप्प्यावर. थुंकीत जंतू सापडत नाही, तरी ‘टीबीच असेल’ म्हणून गोळ्या सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स, त्यातले पहिले दोन महिने चार औषधांचे. एवढ्या काळात डाग मोठा होतो, गळ्याशी गाठ येते, छातीत पाणी भरतं आणि मग कोणीतरी म्हणतं, एकदा नागपूरला दाखवून या. नागपूरला आल्यावर निदान होतं फुफ्फुसाच्या कर्करोगाचं आणि टप्पा असतो चौथा.

नागपूर हे या आजारासाठी फार मोठ्या प्रदेशाचं शेवटचं स्टेशन आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ हे जिल्हे तर आहेतच. मध्य प्रदेशातले बालाघाट, शिवनी, छिंदवाडा इथले रुग्णही इथेच उतरतात. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही दोन सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, वर्धा रोडवर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, शिवाय रामदासपेठ-धंतोलीतली खासगी रुग्णालयं, असा मोठा पसारा इथे आहे. पलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या उपचारासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत असे, त्यातला बराच आता इथे होतो. म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की आज विदर्भात या रुग्णाचं सर्वांत मोठं नुकसान पहिला एक्स-रे आणि बायप्सी यांच्या मधल्या महिन्यांत होतं. औषधांची उणीव त्यानंतरची गोष्ट.

हे महिने हरवण्याचं दुसरं कारण म्हणजे आपलं सगळं लक्ष तोंडाकडे लागलेलं आहे. नागपुरात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९८० पासून चालते, आणि इथल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत वर असतो. याला खर्रा कारण आहे हे पानठेल्यावर उभा असलेला माणूसही सांगेल. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा माल शहरापासून गडचिरोलीच्या शेवटच्या गावापर्यंत मिळतो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास चोवीस टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरणारे निघाले; ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे जनजागृतीची पोस्टरं, शाळेतली भाषणं, तपासणी शिबिरं सगळी तोंडावर केंद्रित झाली. ते हवंच आहे. पण त्यातून एक समज पसरला आहे की विदर्भाचा माणूस खातो, ओढत नाही, तेव्हा त्याच्या फुफ्फुसाला काय होणार. प्रत्यक्षात भारतात दरवर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू होतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणं हीच या आजाराची भयंकर खूण आहे.

ओढणाऱ्यांत आपल्याकडे विडीचा वाटा मोठा आहे. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तेंदूपानाचा आणि विडी वळण्याचा. अनेक घरांची चूल त्या मजुरीवर चालते, म्हणून विडीविषयी इथे कठोरपणे बोललं जात नाही. ‘सिगारेटपेक्षा विडी साधी, त्यात फक्त पान आणि तंबाखू’ हे तर सर्रास ऐकू येतं. वास्तव उलट आहे. पान सच्छिद्र नसल्याने विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला वारंवार आणि जोरात झुरके मारावे लागतात, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक खोल जातात. डॉ. दाराब जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ मध्ये मुंबईतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला होता. तेव्हापासून हे आपल्याला ठाऊक आहे.

मात्र या कर्करोगाच्या रुग्णांत आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांचं प्रमाणही भारतात खूप आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांत बायका अधिक. आपला रुग्ण तिथल्यापेक्षा साधारण दहा वर्षांनी लहानही असतो; तिथे सत्तरीचा, इथे साठीच्या अलीकडचा. मग याचं कारण काय? चुलीचा धूर एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला आहे, लाकडाचा धूर ‘बहुधा’ या वर्गात ठेवला आहे. बाहेरच्या प्रदूषित हवेला याच संस्थेने २०१३ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातलं, डिझेलच्या धुराला त्याच्या आदल्या वर्षी. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत, दक्षिणेला चंद्रपूरचं. मधे कोळशाच्या खाणी. एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला राखेमुळे झाला’ असं म्हणता येत नाही, पण एवढ्या कोळशाच्या सावलीत राहणाऱ्या प्रदेशाने फुफ्फुसाच्या कर्करोगाला फक्त विडीवाल्यांचा आजार समजणं चुकीचं आहे. अॅस्बेस्टॉसचे पत्रे कापणारे, दगडफोडीत सिलिकाची धूळ श्वासात घेणारे यांचाही धोका वाढतो. आणि हो, जुना टीबीसुद्धा. बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण ज्या फुफ्फुसात आहे, त्यात पुढे कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. म्हणजे ‘याला आधी टीबी झाला होता’ हे वाक्य निर्धास्त करणारं नाही, सावध करणारं आहे.

आता लक्षणं. खोकला, थुंकीतून रक्त, दम, छातीत दुखणं, भूक जाणं, वजन घटणं ही यादी टीबीची आणि कर्करोगाची जवळजवळ एकच. वेगळेपणा शोधायचा तो बारकाव्यात. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ असू शकते, कारण स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस तिथून वळसा घेऊन वर जाते. सकाळी चेहरा आणि मान सुजते, छातीवर शिरा फुगून दिसतात, तर गाठीने वरची महाशीर दाबलेली असते; अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेलं पाहिजे. फुफ्फुसाच्या अगदी टोकाला गाठ असेल तर दुखतो खांदा, कळ हाताच्या करंगळीपर्यंत जाते आणि त्या बाजूची पापणी थोडी खाली येते. असा माणूस महिनोन्‌महिने हाडांच्या डॉक्टरकडे, मानेच्या पट्ट्यावर काढतो. बोटांची टोकं फुगून नखं गोलसर वळणं ही खूण तर दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या दिसते. काही जणांत पहिलं लक्षण मेंदूचं असतं: चाळिशीनंतर पहिल्यांदा आलेली फीट, सततची डोकेदुखी. फुफ्फुसाला दुखणं कळत नाही, म्हणून गाठ तीन-चार सेंटिमीटरची झाली तरी घरात कोणाला पत्ता नसतो.

टीबीशी गफलत का होते हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात कोणा एका डॉक्टरचा निष्काळजीपणा क्वचितच असतो. गाठीने श्वासनळी अर्धवट बंद केली की मागच्या भागात न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिक दिलं की तो उतरतो, ताप जातो, एक्स-रेवरचा डागही थोडा लहान दिसतो. सगळे खूश होतात. गाठ जागेवरच असते. कर्करोगाच्या बारीक गाठी दोन्ही फुफ्फुसांभर विखुरल्या तर एक्स-रेचं चित्र मिलिअरी टीबीसारखं हुबेहूब दिसतं. छातीत पाणी झालं आणि त्यात लिम्फोसाइट पेशी जास्त निघाल्या, तर आपल्याकडे ते टीबीचं पाणी मानण्याची सवय आहे; कर्करोगाच्या पाण्यातही त्याच पेशी जास्त असू शकतात. पाणी लालसर आलं, किंवा काढल्यावर आठवड्यात पुन्हा भरलं, तर पेशींची तपासणी झालीच पाहिजे. ती एकदा ‘नॉर्मल’ आली म्हणून प्रश्न संपत नाही, कारण एका नमुन्यात कर्करोगाच्या पेशी हुकण्याचं प्रमाण बरंच आहे.

यात पैशाचंही एक साधं गणित आहे. टीबीची थुंकी तपासणी, सीबीनॅट (थुंकीतल्या जंतूची जनुकीय तपासणी), एक्स-रे, औषधं सगळं सरकारी कार्यक्रमात फुकट. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे, पण त्या पॅकेजसाठी बायप्सीचा अहवाल जोडावा लागतो. म्हणजे सीटी स्कॅन, ब्रॉन्कोस्कोपी, सुई घालून तुकडा काढणं, त्यासाठी गावाहून दोन-तीन चकरा, हा सारा खर्च बहुतेकदा योजनेच्या दारापर्यंत पोचण्याआधीच घरातून जातो. कुटुंब साहजिकच फुकट वाटेवर थोडं थांबून बघतं. सरकारला खरंच काही करायचं असेल, तर ‘थुंकी निगेटिव्ह, एक्स-रेवर डाग’ अशा चाळिशीपुढच्या प्रत्येक रुग्णाचा सीटी आणि बायप्सी टीबी कार्यक्रमाच्याच खर्चात बसवावी, असं मला ठामपणे वाटतं. मेडिकलच्या आवारात टीबी वॉर्ड आहे आणि कर्करोगाचा विभागही. या दोन विभागांमधलं अंतर कागदावर जितकं कमी होईल तितकं बरं.

तोपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवायची गोष्ट सोपी आहे. थुंकीत किंवा सीबीनॅटमध्ये जंतू सापडला असेल तर टीबी आहे, कोर्स पुरा करायचा. सापडला नसेल आणि तरी गोळ्या सुरू केल्या असतील, तर ‘कशावरून?’ हे अदबीने विचारायचं आणि फार तर दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून मागायचा. डाग तेवढाच असेल किंवा वाढला असेल तर छातीच्या डॉक्टरकडे जायचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने दोन महिनेही थांबू नये. जंतू सापडूनही औषधांवर तब्येत सुधारत नसेल, तर एकाच छातीत दोन्ही आजार असू शकतात, हेही होतं.

सीटी स्कॅन करताना एक बारीक चूक होते. कोविडनंतर ‘एचआरसीटी’ हा शब्द घरोघरी पोचला, आणि लोक तोच करून येतात. गाठीसाठी हवा असतो शिरेतून औषध देऊन केलेला सीटी, तोही छातीसोबत यकृत आणि अॅड्रिनल ग्रंथी दिसतील असा. पुढे तुकडा काढायचा. गाठ बाहेरच्या अंगाला असेल तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने, मधल्या नळ्यांजवळ असेल तर दुर्बीण घालून. इथे गावोगाव एक भीती आडवी येते: सुई लावली की आजार पसरतो. या एका समजुतीने जेवढे रुग्ण हातचे गेले तेवढे बायप्सीच्या धोक्याने कधीच गेले नसतील. सुईच्या वाटेवर पेशी पसरणं अत्यंत विरळ आहे. क्वचित फुफ्फुसाबाहेर हवा जमते, तिच्यावर उपाय आहे. बायप्सीशिवाय किमो सुरू करणं मात्र अंधारात दगड मारण्यासारखं आहे.

तुकडा किती मोठा निघाला यालाही आज फार महत्त्व आलं आहे. पूर्वी बारीक सुईने चार पेशी काढून ‘कॅन्सर आहे’ एवढं कळलं की काम भागायचं. आता आधी स्मॉल सेल की नॉन-स्मॉल सेल, मग अॅडिनोकार्सिनोमा की स्क्वॅमस, आणि अॅडिनो असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांतले बदल आणि पीडी-एल१ हे प्रथिन, एवढं सगळं तो तुकडा मेणात बसवून केलेल्या एकाच ठोकळ्यातून तपासायचं असतं. ईजीएफआरमधला बदल भारतीय अॅडिनोकार्सिनोमा रुग्णांत साधारण चौघांत एकाला सापडतो; युरोप-अमेरिकेत त्याहून कमी, पूर्व आशियात त्याहून जास्त. तुकडा अपुरा पडला तर रक्तातूनही ही तपासणी होते. लॅबमधला तो ठोकळा, म्हणजे ब्लॉक, रुग्णाला परत मागता येतो. मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टसोबत तो न नेल्याने पुन्हा सुई टोचून घेतलेले रुग्ण थोडे नाहीत.

टप्पा ठरवताना भारतीय डॉक्टरांना एक जादा डोकेदुखी असते. पीईटी स्कॅनमध्ये कर्करोगाची गाठ चमकते, पण टीबीची गाठही चमकते. छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथी चमकल्या म्हणून ‘पसरलाय, ऑपरेशन नको’ असं ठरवलं आणि त्या ग्रंथी जुन्या टीबीच्या निघाल्या, तर एका बऱ्या होणाऱ्या रुग्णावर अन्याय होतो. म्हणून अशा ग्रंथीचा नमुना दुर्बिणीतूनच अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने घ्यावा लागतो. मेंदूचा एमआरआयही लागतो.

टप्प्याचा आणि जगण्याचा संबंध किती थेट आहे, ते आंतरराष्ट्रीय आकड्यांत दिसतं. एक सेंटिमीटरच्या आतली, न पसरलेली गाठ असलेल्या रुग्णांपैकी ९२ टक्के पाच वर्षांनी हयात असतात. गाठ छातीच्या मध्यातल्या ग्रंथींपर्यंत गेली की हे प्रमाण साधारण एक-तृतीयांशावर येतं. चौथ्या टप्प्यात दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्यात येतात.

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात शस्त्रक्रिया. फुफ्फुसाचा तो खंड काढला जातो, आता पुष्कळदा छोट्या छिद्रांतून. कर्करोगासाठी अख्खं फुफ्फुस यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९३३ मध्ये अमेरिकेत इव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनी केली. तंबाखू आणि या कर्करोगाचा संबंध दाखवणारा १९५० चा महत्त्वाचा अभ्यासही त्यांच्याच नावावर आहे, आणि १९५७ मध्ये ते याच आजाराने गेले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धाला, दमेकऱ्याला नेमक्या गाठीवर मोजक्या बैठकांत तीव्र किरणोपचार देता येतात. तिसऱ्या टप्प्यात किमो आणि रेडिएशन बरोबरीने, नंतर वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं. स्मॉल सेल हा प्रकार साधारण सातांत एक. तो काही आठवड्यांत दुप्पट होतो, किमोला झपाट्याने विरघळतो आणि तेवढ्याच झपाट्याने परततो.

चौथ्या टप्प्यातला बदल मात्र खरोखर मोठा आहे. ईजीएफआर बदल सापडलेल्या रुग्णाला रोज एक गोळी मिळते, आणि कालपर्यंत ऑक्सिजनवर असलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत चालू-फिरू लागतो, असं घडतं. नव्या पिढीच्या ओसिमर्टिनिबने चौथ्या टप्प्यातल्या अशा रुग्णांचं मध्यम आयुर्मान तीन वर्षांच्या पुढे नेलं. आपल्याला जास्त उपयोगी पडेल असं काम मात्र मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी, आता स्वस्त झालेली जेफिटिनिब गोळी एकटी देण्याऐवजी तिच्यासोबत किमो दिली, तर आजार रोखून धरण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. नागपुरातला रुग्ण परवडेल अशा दरात जवळपास नव्या औषधाएवढा काळ मिळवू शकतो, हा त्या अभ्यासाचा अर्थ. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब आणि ड्युरव्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावरचं सीमाशुल्क हटलं, फुले योजनेचं संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ चा. इम्युनोथेरपी तरीही बहुसंख्यांच्या हाताबाहेर आहे, आणि तिच्यासाठी शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला किती महिने मिळण्याची शक्यता आहे हे डॉक्टरने स्पष्ट सांगायला हवं.

धोका असलेल्यांची कमी किरणांच्या सीटीने दरवर्षी तपासणी करावी का, हा प्रश्न मग येतोच. अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या २०११ मधल्या अभ्यासात अशा तपासणीने या आजाराचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. विदर्भात ती सरसकट लावली तर जुन्या टीबीच्या शेकडो गाठी निघतील आणि प्रत्येकीमागे सुई घेऊन धावावं लागेल. वीस-तीस वर्षं रोज बंडल ओढणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसाने आपल्या डॉक्टरशी याविषयी जरूर बोलावं. मोहीम काढायची असेल तर विडी सोडवण्याची आधी काढावी; सोडल्यावर दहा वर्षांत धोका जवळपास निम्म्यावर येतो, आणि निदानानंतर सोडली तरी उपचार अधिक चांगले लागू पडतात.

‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि ते खरं नसतं. बॉस्टनमध्ये १५१ रुग्णांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात, निदानापासूनच वेदनाशमनाची सेवा मिळालेल्यांना त्रास कमी झाला आणि आयुष्यही वाढलं: ८.९ महिन्यांऐवजी ११.६. दम कमी करायला मॉर्फिनची लहान मात्रा उपयोगी पडते, पुन्हा पुन्हा भरणारं पाणी नळी घालून, औषध सोडून थांबवता येतं, हाडाच्या वेदनेला रेडिएशनची एक बैठकही आराम देते. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळवणं २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर सोपं झालं आहे. मान्यताप्राप्त केंद्रावर डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्या मिळतात. गोंदियाच्या किंवा अहेरीच्या रुग्णाला शेवटच्या दोन महिन्यांत त्यासाठी नागपूरची बस धरावी लागू नये, एवढी सोय जिल्हा रुग्णालयात आज करता येण्याजोगी आहे.